हुंकार थांबला की वाचन थांबायचं

प्रा. दत्तात्रय गोफणे यांचं आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी बारामतीतल्या एका खासगी रुग्णालयात निधन झालं. यकृताचा आजार होता, तो वर्षभर चालला. इंदापूरच्या एका महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या गावी, डाळजला, अंत्यसंस्कार झाले. मला फोन आला तो रेश्मा वाघमोडे हिचा. रेश्मा ही त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी, कोऱ्हाळे बुद्रुकची. बातमी सांगून ती म्हणाली, "काका, शनिवारी मी सरांना निबंध वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांचा हुंकार थांबला… तिथं काय करायचं, हे विचारायचं राहून गेलं."

हे वाक्य समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

गोफणे आणि मी बारामतीला एकाच महाविद्यालयात होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. पुढे मी एका दैनिकाचा तिथला वार्ताहर झालो, ते इंदापूरला शिकवायला लागले. बातमीत माणसाला आडनावाने संबोधायची सवय मला तिथेच लागली, म्हणून इथेही त्यांना गोफणेच म्हणतो. त्यांच्या घरी पूर्वी मेंढ्यांचा कळप होता. दिवाळी झाली की घर कोकणाच्या वाटेला लागायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. गोफणे शाळेत जायला लागले तोवर कळप विकलेला होता, शेतात ऊस उभा होता आणि थोरला भाऊ साखर कारखान्यात कामाला लागला होता. घरात राहिलं होतं ते सुंबरान. देवाची, कळपाची आणि वाटेची कथा गाऊन सांगायचा हा मेंढपाळांचा प्रकार. त्यांचे चुलते तुकाराम गोफणे, म्हणजे तात्या, सुंबरान सांगत. सांगणारा एक असला तरी त्याच्याशेजारी दुसरा माणूस लागतोच. तो दर ओळीला "हं…", "व्हय…", "मग…" असा हुंकार देतो. हुंकार देणाऱ्याला कळलं नाही, पटलं नाही किंवा त्याचं लक्ष उडालं, की हुंकार थांबतो. मग सांगणाराही थांबतो. गोफणे यांच्या घरात साधी बाजारातली हकिकतसुद्धा याच पद्धतीने सांगितली जायची. आमच्या खोलीवर ते परीक्षेचा अभ्यास मोठ्याने वाचून करायचे आणि मी गप्प बसलो की विचारायचे, "झोपला का रे? मग हूं म्हण की!"

नोकरीत स्थिरावल्यावर गोफणे यांचा एक शोधनिबंध राष्ट्रीय परिषदेसाठी निवडला गेला. विषय अर्थातच सुंबरान. परिषद दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यापीठात होती. ज्यांच्या गाण्यावर निबंध, त्यांनी तो ऐकावा, म्हणून गोफणे तात्यांना सोबत घेऊन गेले. सभागृह थंडगार, लोक मन लावून ऐकणारे. तात्या तिसऱ्या रांगेत बसले. गोफणे यांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला तात्यांनी मोठ्याने हुंकार दिला. तिसऱ्या वाक्याला "व्हय…" म्हणाले. चौथ्याला "मग रं?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सत्राध्यक्षांनी घंटी वाजवून श्रोत्यांना शांतता पाळायची विनंती केली. तात्यांना वाटलं, घंटी गोफणे यांच्यासाठी आहे. त्यांनी पुढच्या ओळीला आणखी जोरात हुंकार दिला, पुतण्याला धीर यावा म्हणून. तेव्हा एक स्वयंसेवक आला आणि त्यांना हात धरून बाहेर चहाकडे घेऊन गेला. ही हकिकत मला दोघांनीही वेगवेगळी सांगितली आहे आणि ती इथवर जुळते. पुढचं गोफणे यांनी सांगितलं: तात्या बाहेर गेल्यावर त्यांना वाचता येईना. ओळ संपली की ते थांबायचे, वाट बघायचे. निबंध कसाबसा पूर्ण झाला. टाळ्या वाजल्या.

परतीच्या प्रवासात एसटी एका थांब्यावर उभी असताना तात्यांनी विषय काढला.

"दत्ता, माझं काय चुकलं रं?"

"चुकलं न्हाय तात्या. तिथं गप बसून ऐकायची रीत हाय."

"गप बसल्यावर तुला कसं कळलं, ऐकत्यात म्हणून?"

"शेवटी टाळ्या वाजवल्या की."

"टाळ्या तर समद्यांलाच वाजवल्या. तुझ्या आदी त्यो टकलू बोलला, त्येलाबी वाजवल्या."

गोफणे यांच्या सांगण्याप्रमाणे ते भिगवण येईपर्यंत हसत होते. डाळजच्या चर्चासत्राची कल्पना त्याच प्रवासात सुचली, असं ते म्हणत. तात्यांच्या मते ती तात्यांची होती.

चर्चासत्र सुरू झालं ते गावाबाहेरच्या देवळाच्या पत्र्याच्या मंडपात. कार्तिकातल्या अमावस्येला कळप सोडून स्थिरावलेली मेंढपाळ कुटुंबं देवाला जमतात. दुसऱ्या दिवशी सत्र ठेवलं म्हणजे माणसं आपोआप थांबतात, असा हिशेब. विषय दर वर्षी वेगळा, पण साहित्य आणि लोकसंस्कृती यांच्या हद्दीतलाच. महाविद्यालयाच्या नेहमीच्या चर्चासत्राला जे लागतं ते सगळं होतं: बीजभाषण, सत्राध्यक्ष, बिल्ले, फायली, दुपारचं जेवण. फरक एकच होता. निबंध वाचणाऱ्याच्या शेजारी एक लाकडी खुर्ची असायची आणि तिच्यावर हुंकारी बसायचा. ज्या लोकांबद्दल निबंध असेल, त्यांच्यातला कुणीतरी. नियम माहितीपत्रकातच छापलेला होता: हुंकारी बसल्याशिवाय वाचन नाही आणि हुंकार थांबला की वाचन थांबायचं. खुर्ची गोफणे यांच्या इंदापूरच्या घरातून येत असे. बाभळीची, जड, एका हाताचा दांडा नंतर बसवलेला. ती जीपच्या टपावर बांधून आणायचं काम दर वर्षी ते स्वतः करत.

पहिल्या वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. "गोफणे, मूल्यांकन समितीला हे दाखवायचं कसं? साधनव्यक्ती म्हणू? विषयतज्ज्ञ म्हणू?" गोफणे म्हणाले, "हुंकारीच म्हणा सर. पुढच्या वर्षी तेच विचारतील, तुमच्याकडे हुंकारी का नाही म्हणून." प्रमाणपत्रावर तसंच छापलं गेलं. तात्यांनी आपलं प्रमाणपत्र चौकट करून शेळ्यांच्या गोठ्यात लावलं, कारण बहुतेक वेळ ते तिथेच असतात.

त्या मंडपात काय काय झालं, त्याची बातमी मी अनेक वर्षं केली. पुण्याहून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाचा निबंध पहिल्याच पानावर अडला. तात्यांनी हात वर करून सांगितलं, "ह्यो शब्द जरा उकलून सांग, मालक." प्राध्यापकांनी उकलून सांगितला. पुढच्या ओळीला पुन्हा हात वर. ठरलेल्या वेळात निबंधाचं दीडच पान झालं, पण ते मंडपातल्या सगळ्यांना कळलं आणि त्यावर भांडणही झालं. त्या प्राध्यापकांनी पुढे त्याच दीड पानाचं पुस्तक केलं. दर वेळी असं झालं नाही. एका वर्षी जेवणानंतरच्या सत्रात तात्यांना झोप लागली आणि हुंकार थांबला. वाचणाऱ्या बाई नियमाप्रमाणे थांबल्या आणि आपल्या वाक्यात काय चुकलं असेल, याचा विचार करत उभ्या राहिल्या. शेवटी पुढच्या रांगेतून आवाज आला, "तात्या, आवं उठा! बाई खोळंबल्यात!" दुसऱ्या एका वर्षी तात्यांनी हुंकार हट्टाने थांबवला. सीमेपलीकडच्या भागात हेच कथानक कन्नडमध्ये, वेगळ्या देवाच्या नावाने सांगतात, असं एका संशोधकाने मांडलं होतं. "आमचं हाय ते. त्येंनी उचललंय," असं म्हणून तात्यांनी हाताची घडी घातली. वाचन तिथेच संपलं. पुढच्या वर्षी तो संशोधक तिकडच्या एका गायकाला सोबत घेऊन आला. गायकाने कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. भाषा कळत नव्हती, पण चाल आणि थांबे तेच होते. तात्यांनी बराच वेळ ऐकलं आणि मग हुंकार दिला. संशोधकाचं म्हणणं बरोबर होतं, हे त्यांनी जेवताना मान्य केलं. "पर आमचं जरा जास्त चांगलं हाय," असंही म्हणाले.

गोफणे यांना यातून मोठं पद मिळालं नाही. त्यांना ते नको होतं असंही नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा दुसऱ्याची निवड झाली, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी ते उजनीच्या काठावर रोहित पक्षी बघायला गेले. त्यांच्या तोंडून तक्रार मी ऐकली ती एकाच गोष्टीची. देशातल्या आणि बाहेरच्या परिषदांत मेंढपाळांच्या गाण्यांवर निबंध वाचले जातात, पण वाचणारा त्या घरातला क्वचितच असतो. "आमच्या घरातली पोरगी तिथं उभी राहिली पाहिजे," ते म्हणायचे, "आणि तिला कुणीतरी हूं म्हटलं पाहिजे. बास."

रेश्मा ही ती पोरगी. तिच्या आजोबांनी कळप सोडून ऊस लावला, वडील ट्रॅक्टर चालवतात. आजी आणि आजीच्या पिढीतल्या बायका कोकणाच्या वाटेवर जी गाणी म्हणत, त्यांवर तिचा प्रबंध आहे. या गाण्यांत मुक्कामाची गावं क्रमाने येतात. गेल्या वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठाने साहित्य आणि विस्थापन या विषयावर परिषद जाहीर केली. चांगल्या निबंधांच्या लेखकांमधून एकाला तिथे वर्षभर संशोधनासाठी फेलोशिप मिळणार होती. रेश्माने गोषवारा पाठवला. ही गाणी म्हणजे विस्थापनाचा विलाप आहे, असं तिने त्यात मांडलं होतं. गोषवारा स्वीकारला गेला. पासपोर्ट, व्हिसा, प्रवासाचं अनुदान, यासाठी गोफणे यांनी आजारपणात फोन करून अनेकांना कामाला लावलं. मलाही.

मृत्यूच्या आधीच्या शनिवारी रेश्मा रुग्णालयात गेली. गोफणे यांनी डोळे मिटूनच तिला वाचायला सांगितलं. तिने पहिलं पान वाचलं आणि त्यांनी दर वाक्याला हुंकार दिला. आवाज बारीक होता, पण चुकला नाही. विलापाच्या परिच्छेदापाशी तो थांबला. रेश्मा नियमाप्रमाणे थांबली. थोड्या वेळाने परिचारिका आली आणि म्हणाली की पेशंटला झोप लागली आहे, आता नका वाचू. हुंकार आधी थांबला आणि झोप नंतर लागली, की झोप लागल्यामुळे हुंकार थांबला, हे रेश्माला सांगता आलं नाही. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. रविवारी भेटीची परवानगी नव्हती. सोमवारी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

तिची अडचण स्पष्ट होती. परिच्छेद बदलला तर निबंधाचा निष्कर्ष बदलतो. निष्कर्ष बदलला तर तो परिषदेच्या विषयात बसेलच असं नाही आणि फेलोशिपचा विचार त्याच विषयात होणार होता. नाही बदलला तर ज्या जागी सरांचा हुंकार थांबला, ती जागा तिला परिषदेत उभं राहून वाचावी लागणार होती. मी तिला एवढंच म्हणालो की दुसऱ्या स्रोताकडून खात्री करून घे. तेराव्यानंतर आम्ही दोघं डाळजला गेलो.

तात्या गोठ्याबाहेर बाजेवर होते. आता त्यांना कमी दिसतं, ऐकू व्यवस्थित येतं. त्यांची बायको हौसाबाई, सगळ्यांची नानी, उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. रेश्माने वाचायला घेतलं. तात्यांनी हुंकार दिला. विलापाच्या परिच्छेदापाशी तो थांबला.

"रडत कोण गेलतं?" तात्या म्हणाले. "दिवाळी झाली की पाय हितं ठरत नव्हतं आमचं. कोकणात हिरवंगार, मेंढरं खूश, आमी खूश."

"तुमी खूश," उंबऱ्यावरून नानी म्हणाली.

"मग तू न्हाय व्हय?"

"तू म्होरं काठी घिऊन चालायचा शिट्टी मारत. माज्या कडंवर पोरगं, हातात घोडीचा दोर, आन् घोडीवर समदं बिऱ्हाड. मी रडले की. दर सालाला रडले."

"कवा? मला न्हाय दिसली."

"तू मागं वळून बघितलं कवा?"

रेश्माने विचारलं, "नानी, कुठपर्यंत रडायचात?"

नानीने शेंग फोडली. "भिगवणपतुर."

"बस? एवढंच?"

"मग काय कोकणापतुर रडू? ऊन चढायचं, पोरगं भुकेजायचं. आन् मोरगावात गेल्यावर कोण रडतंय बाई? तितं माजी भन दिलेली. तिच्याकडं भाकरी खाल्ली की गाणं सुरू. सगळ्याजणी. ह्यो म्हाताराच म्हणायचा, बायकांनो, जरा गप ऱ्हावा, मेंढरं बुजत्यात."

"व्हय," तात्या म्हणाले. "ते म्हणायचो."

रेश्माने तिथेच, बाजेच्या कडेला बसून, परिच्छेद नव्याने लिहिला. गाण्यात पहिली काही गावं संथ आणि तुटक येतात, मोरगावपासून चाल बदलते, हे तिच्या ध्वनिमुद्रणांत आधीपासून होतं. आधी तिने त्याचा अर्थ गाणाऱ्या बायकांना दम लागणं असा लावला होता. आता तिने लिहिलं की ही गाणी जाण्याचं दुःख मोजून घेतात, ते एका ठरावीक गावाशी ठेवतात आणि पुढे चालतात. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. या वेळी हुंकार नानीने दिला, आणि शेवटपर्यंत दिला. तात्यांनी शेवटच्या ओळीला एक जोडला.

गोफणे यांचा हुंकार त्या शनिवारी का थांबला, याची खात्री यातून होत नाही. परत येताना रेश्मा गाडीत म्हणाली, "सर झोपलेच असतील, काका. पण बरं झालं झोपले."

तिने आयोजकांना कळवलं की निष्कर्ष बदलला आहे. काही दिवसांनी उत्तर आलं. विस्थापनाच्या मुख्य सत्रातून तिचा निबंध काढून शेवटच्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात टाकला होता. फेलोशिपबद्दल उत्तरात काही नव्हतं. श्रावणात ती गेली. तिकडून तिने मला फोन केला तो निबंध वाचून झाल्यावर, आणि मी तिच्याकडून आणि सत्राच्या चित्रफितीवरून पुढची माहिती ताडून घेतली आहे. सभागृहात माणसं कमी होती. वाचण्याआधी रेश्माने एक जास्तीची खुर्ची मागितली आणि ती कशासाठी हवी आहे, ते इंग्रजीत समजावून सांगितलं. थोडा वेळ कुणी उठलं नाही. मग दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या दुसऱ्या खंडातल्या, उंट पाळणाऱ्या कुटुंबातल्या, स्वतः संशोधक. त्यांच्याकडे हुंकार वेगळ्या आवाजात देतात, असं सांगून त्या खुर्चीवर बसल्या. चित्रफितीत तो आवाज नीट ऐकू येतो, घशातून आलेला, लहानसा. मराठी ओळी आल्या तेव्हाही तो थांबला नाही. एकदाच थांबला. त्या बाईंनी विचारलं, डाळजपासून भिगवण किती लांब? रेश्मा म्हणाली, मेंढ्यांसोबत निघालं तर न्याहारीच्या वेळेपर्यंत पोचतो. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, आमच्याकडे विहिरीपर्यंत रडतात. मग हुंकार दिला. रेश्माने पुढे वाचलं आणि निबंध संपवला.

गोफणे यांच्या इंदापूरच्या घरातली त्यांची खोली त्यांच्या पत्नी सुमनताईंनी होती तशी ठेवली आहे. पुस्तकं, बारक्या टेपरेकॉर्डरचा खोका, खिडकीशी दोन खुर्च्या. एक त्यांची. दुसऱ्या, बाभळीच्या खुर्चीवर मार्गदर्शनाला आलेला विद्यार्थी बसायचा आणि त्याला आधी गोफणे यांचं लेखन ऐकून हूं म्हणावं लागायचं, मग स्वतःचं काढायचं. मी मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा सुमनताई बाजारातल्या भावाबद्दल काही सांगत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "हूं म्हणा की." मी म्हटलं.

फेलोशिपचा निकाल हा लेख छपाईला जाईपर्यंत लागलेला नाही. डाळजचं यंदाचं चर्चासत्र कार्तिकातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, त्याच मंडपात होणार आहे. माहितीपत्रक छापून आलं आहे. संयोजक म्हणून रेश्मा वाघमोडे यांचं नाव आहे आणि हुंकारी म्हणून दोन नावं आहेत: तुकाराम गोफणे आणि हौसाबाई गोफणे. खुर्ची एकच होती. दुसरी डाळजच्या सुताराकडे बाभळीत करायला दिली असून तो ती घटस्थापनेपर्यंत देणार आहे.